तिसरे विशाल मेश्राम

मला विशाल मेश्राम हवे होते, आणि ज्या टेबलासमोर मी उभी होते तिथले विशाल मेश्राम म्हणत होते, "मैं वो नहीं हूँ."

"पर नेमप्लेट पे तो…"

"नेमप्लेट सही है, मैडम. पर इस बिल्डिंग में हम तीन हैं." त्यानं माझ्या हातातला लिफाफा उलटून पाहिला आणि भुवया उंचावल्या. "ये रिटायरमेंट का लेटर है. इतना बूढ़ा दिख रहा हूँ क्या?"

मी खरंच पाहिलं. म्हातारा अजिबात दिसत नव्हता. बत्तीस-तेहतीसचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटाला शाई. मी नजर खाली घेतली, तर त्याच्या चेहऱ्यावर हसू.

नवा रायपुरातल्या त्या कार्यालयात, आवक-जावक शाखेत, माझा तो चौथा दिवस होता. आमच्याकडे एकाच नावाच्या माणसांना नंबर देतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पगारपत्रकातसुद्धा तसंच – विशाल मेश्राम-१, विशाल मेश्राम-२… आणि हा तीन नंबर.

"चलिए, एक नंबर का कमरा दिखाता हूँ," म्हणत तो उठला. उठायची काही गरज नव्हती. जिना मलाही दिसत होता.

जिन्यात त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं, "पूर्णिमा बोरकर."

तो पायरीवरच थांबला. "अन् मघापासून आपण दोघंही हिंदीत झिजून राहिलो? मराठीत बोला ना, मॅडम!"

मी हसले. चार दिवसांत त्या इमारतीत पहिल्यांदा.

संध्याकाळची, शहरात पंडरीला जाणारी बस साडेपाचची. ती चुकली की तासभर त्या रुंद, रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभं राहायचं. कार्यालयाच्या झूलाघरातून, म्हणजे पाळणाघरातून, देवश्रीला घेऊन मी बसकडे पळायचे – एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर तिची बॅग, कडेवर चार वर्षांची ती. तोही त्याच बसनं जायचा; ओळख झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यानं हात पुढे केले होते.

"द्या, मी पकडतो हिले."

"नको," मी म्हणाले. जरा जास्तच जोरात.

त्यानं हात मागे घेतले. पुन्हा कधी पुढे केले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळच्या जागेवर त्याची बॅग दिसायला लागली, आणि आम्ही चढलो की ती बॅग उठायची. तो मागच्या सीटवर. मधल्या फटीतून देवश्रीशी त्याच्या गप्पा…

"तीन नंबर अंकल, आपका एक नंबर कहाँ गया?"

"एक नंबर रिटायर हो गया, बेटा."

"फिर आप दो नंबर हो गए?"

"सरकार में ऐसा नहीं होता. मी मरेपर्यंत तीनच राहणार."

ती मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. तो दोन्हींत बोलायचा. आणि मी काचेत त्याचं अंधुक प्रतिबिंब पाहायचे, बाहेर पाहत असल्यासारखी.

डिसेंबरात तो जाम आणायचा – जाम म्हणजे पेरू, आमच्या नागपूरकडच्या लोकांचा शब्द. चार फोडी, मधे मीठ-तिखट. कागदाची पुडी सीटवरून पुढे यायची. फोड घेताना एकदा बोटाला बोट लागलं… दोघांनीही एकदमच "सॉरी" म्हटलं. देवश्री म्हणाली, "मैंने तो कुछ किया ही नहीं."

असे चार महिने गेले. मग एका शुक्रवारी, उतरायच्या आधी, तो हळूच म्हणाला, "पूर्णिमा… रविवारी घरी येतेस? आई म्हणून राहिली, रोज जिचं नाव ऐकते तिले एकदा पाहू तर दे."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मला ते आवडलं, आणि लगेच त्याच्या मागोमाग भीती आली.

"पाहते," मी म्हणाले.

आणि खरंच पाहिलं. शनिवारी दुपारी देवश्री झोपल्यावर मी मोबाइलवर त्याचं नाव टाकलं.

विशाल मेश्राम, रायपूर. एक हाडांचे डॉक्टर, एक विमा एजंट. एक टायरचं दुकान. एकानं पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक लढवून एकशे बारा मतं घेतलेली. एक धावपटू, एक मंडप डेकोरेटरवाला. मला मजा वाटायला लागली होती… तेवढ्यात कोर्टाची साइट उघडली.

विशाल धर्मपाल मेश्राम. बायकोला मारहाण. केस चालू.

धर्मपाल. त्याच्या वडिलांचं नाव धर्मपालच होतं. बसमध्ये त्यानंच सांगितलं होतं.

"काहून अशी बसली वं?" आईनं विचारलं. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावून वाचलं. "हा तोच कशावरून?"

"बापाचं नावही तेच आहे, आई."

"अवं, आपल्या लोकांत धर्मपाल काय एक आहे? पाऱ्यात, आपल्या वस्तीत, उभं राहून हाक मार, चार म्हातारे बाहेर येतील."

"अन् तोच निघाला तर?"

आईनं चष्मा काढून ठेवला. मागच्या वेळी आम्ही असंच म्हटलं होतं – चांगले लोक आहेत, विचारायचं काय. देवश्रीच्या बाबांची भिलाईत नोकरी आहे, एवढं ऐकून माझं लग्न झालं. नोकरीवरून त्याला दोन वर्षं आधीच काढलेलं होतं. तो रोज डबा घेऊन निघायचा, आणि कुठे जायचा ते मला अख्खं वर्ष कळलं नाही. त्यानंतरचं मी कुणाला सांगत नाही. आणि आता मी एकटी नव्हते. माझ्या निवडीच्या मागे एक पोरगी बोट धरून चालत होती.

रविवारी मी गेले नाही. सोमवारपासून शाखेतल्या कांताबाईंच्या गाडीतून जायला लागले. फोन आला की उलटा ठेवायचे. देवश्री विचारायची, "मम्मी, जाम वाले अंकल?" मी तिची वेणी घालत बसायचे.

गुरुवारी तो माझ्या खिडकीशी आला. चेहरा अगदी सरकारी.

"आवक करायचं आहे, मॅडम."

मी लिफाफा उघडला. कोऱ्या कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात:

*विषय – पूर्णिमा बोरकर यांनी अचानक बोलणे बंद केल्याबाबत.*

*संदर्भ – रविवारचे पोहे, जे आईने तीनदा गरम केले.*

*महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदाराची चूक काय ते कळविण्यात यावे. सुधारणा करण्यास अर्जदार तयार आहे.*

शेजारून कांताबाई वाकून पाहायला लागल्या. मी घाईघाईनं शिक्का मारला. शिक्का तिरका बसला.

"जेवणाच्या सुट्टीत," मी म्हणाले. "मागच्या कडुनिंबाखाली."

तिथे मी त्याला मोबाइल दाखवला. तो हसेल असं वाटलं होतं, किंवा चिडेल. त्यानं शांतपणे वाचलं, दोनदा वाचलं. मग स्वतःचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

"ग्रुप उघड. 'सर्व विशाल मेश्राम'."

"काय?"

"उघड तर."

नऊ सदस्य. नऊही विशाल मेश्राम. खाली संदेशांची रांग – *भैया, किसी का चश्मा मेरे पते पे आया है. – खून की रिपोर्ट किसकी है, शुगर बहुत है, जल्दी ले जाओ. – डॉक्टर साहब, आपका पेशेंट मुझे फोन करके घुटना बता रहा है.*

हसू आवरेना. पण आवरलं. "अन् हा?"

त्यानं एक नाव दाबलं. 'विशाल मेश्राम उरला' – उरला म्हणजे रायपूरची कारखान्यांची वसाहत. लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर असणारा. "याचे समन्स माझ्या घरी येतात. तीनदा मीच नेऊन दिले. एकदा तर पोलीस आईसमोर मलेच न्यायला आले होते." त्यानं फोन स्पीकरवर लावला. यंत्रांच्या खडखडाटातून ओरडता आवाज आला –

"हव, बोलो तीन नंबर! फिर से मेरा कागज आया क्या?"

"नहीं. एक मैडम पूछ रही हैं, वो केस किसका है."

 पलीकडचा आवाज उतरला. "मेरा है, दीदी. इसका नहीं है. इसको मत छोड़ना उसके चक्कर में."

फोन बंद झाला. मला कुठे पाहावं कळेना. कडुनिंबाची पिवळी पानं एकेक करून आमच्यामध्ये पडत होती.

"सॉरी," मी म्हणाले.

"सॉरी नको. पण मलेच काहून नाही विचारलं?"

"विचारलं की माणूस त्याला सांगायचं तेवढंच सांगतो, विशाल. एकदा विश्वास ठेवून झालाय माझा."

 तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मीही शोधलं होतं. तुझं नाव. पहिल्याच महिन्यात."

 माझ्या घटस्फोटाचा निकाल कोर्टाच्या त्याच साइटवर आहे, मला ठाऊक होतं. देवश्रीच्या बाबांनी माझ्याविषयी जे जे म्हटलं, ते सगळं त्यात टाइप केलेलं आहे – मी आई म्हणून कशी, बाई म्हणून कशी. आणि त्याच्या नावासारखं माझं नाव शहरभर पसरलेलं नाही. ती मीच होते.

"कुठवर वाचलंस?"

"'पत्नी संशयी स्वभावाची असून मुलीला कोणाच्याही हातात देत नाही.' इथवर. मंग बंद केलं."

"काहून?"

"एक तर… एवढं खरंच होतं. रोज बसमधे पाहून राहिलो होतो."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. तो घाबरून खिशात रुमाल शोधायला लागला. सापडेना.

"अन् दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं म्हणजे…" तो शाईचं बोट चोळत राहिला. "बाकीचं त्या माणसाच्या तोंडून नव्हतं ऐकायचं मले. तू सांगशील ते ऐकायचं होतं. नसतं सांगितलं, तरी मी बसमधे जागा धरलीच असती."

त्या दुपारी मी सगळं सांगितलं – डबा, भिलाई, निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर झोपलेली देवश्री. सुट्टी संपली, तरी तो उठला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "मले तुम्ही दोघी पाहिजे, पूर्णिमा. घाई नाही. तुले वाटेल तेव्हा."

"मला वेळ लागेल."

"लागू दे. मी सरकारी माणूस आहे."

त्या रविवारी पोहे एकदाच गरम करावे लागले. नंतरही बरेच रविवार गेले, आणि त्या रविवारांत मी त्याला गुपचूप पारखतच राहिले. रस्ता ओलांडताना देवश्रीला तो कुठल्या बाजूला घेतो, ती रडली की किती वेळानं कंटाळतो… कंटाळला नाही.

जूनमध्ये देवश्रीची शाळा सुरू झाली. शाळेत एक कार्ड भरायचं होतं – मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं. माझं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. पुढची ओळ रिकामी होती. विशाल मागे उभा होता, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात देवश्रीचं बोट.

मी ती ओळ भरली आणि कार्ड टीचरपुढे सरकवलं.

टीचरनं वाचून मान वर केली. "मैडम, इस नाम के दो पालक हमारे यहाँ पहले से हैं. ये कौन से वाले?"

ओठांवर सगळं तयार होतं – वडिलांचं नाव, खातं, मजला, नंबर, आधार कार्ड. चार महिने बसमध्ये ऐकून गोळा केलेलं आणि नंतर कितीतरी रविवार पारखून घेतलेलं.

"हमारे," मी म्हणाले.

मागे पाण्याची बाटली फरशीवर पडल्याचा आवाज झाला. देवश्री ओरडली, "अंकल, मेरी बॉटल!"

टीचर हसली. नावापुढचा नात्याचा रकाना तिनं मला न विचारताच भरला – 'पिता'.

मी ते दोनदा वाचलं. मग पेन उचललं, आणि खाली सही केली.