पिंजऱ्याची खालची दोरी

"काल माझ्या मुलीला पिंजऱ्यात कोंडलं होतं," सगुणा ओव्हाळ म्हणाली. समोर खुर्ची असूनही ती बसली नाही.

खोपटच्या एसटी डेपोसमोर, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत काळुराम भोईर खासगी तपासाची कामं घ्यायचा. त्याचा मित्र चंदू तिथे बसून बटाटेवडे खायचा आणि अधूनमधून मदतही करायचा. १९८८ सालच्या त्या सोमवारी सकाळी चंदूने हातातला वडा खाली ठेवला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

सगुणा डोंबिवलीची. नवरा तिथल्याच एका केमिकल कंपनीत. त्याला कधी नव्हे ती रविवारची सुट्टी मिळाली, म्हणून तिघं शीळफाट्याजवळच्या धोंडिबाशेठच्या प्राणी उद्यानात गेली होती. ससे, माकडं, मोर, एक अजगर आणि एक मगर, एवढाच तिथला संसार. दुपारी सगळे आंब्याखाली डबे उघडून बसले आणि तीन वर्षांची मालू दिसेनाशी झाली.

"मोराच्या एका रिकाम्या पिंजऱ्यात सापडली. दाराला वर कडी घातलेली. शिवाय खाली, अगदी जमिनीलगत, नायलॉनची दोरी बांधलेली. मी किंचाळले, तेवढ्यात तिथला राखणदार धाकू धावत आला. त्याचे हात चिखलाने भरलेले. मी त्याच्या थोबाडीत दिली."

"तो काय म्हणाला?"

"चकार शब्द नाही. मालूकडे बघून हात जोडले आणि रडायला लागला. शेठ म्हणाले, हा माणूस असलाच आहे. उद्या संध्याकाळी याला पोलिसांच्या ताब्यात देतो, तुम्ही फक्त तक्रार करा." सगुणाचा आवाज खाली आला. "पण मला रात्रभर झोप नाही, भाऊ. मुलीला कोंडणारा तिला बघून रडेल कशाला? माझ्या एका सहीने निर्दोष माणूस तुरुंगात गेला तर?"

काळुरामला ही बाई तिथेच आवडली. रागाच्या भरात असा विचार फार थोड्यांना सुचतो.

मालू फरशीवर बसून खुदुखुदु हसत होती. डेपोतली मांजर वर येऊन तिचे कापडी बूट चाटत होती.

"कालपासून हेच चाललंय," सगुणा म्हणाली. "चाळीतल्या मांजरीही हिच्या पायांशीच. फ्रॉक कालच धुतला, बूट तेवढे राहिले."

काळुराम मालूपुढे उकिडवा बसला. "मालू, काल तिथे काय बघितलंस?"

"लाकूड चाललं," मालू म्हणाली आणि आईच्या पदरात शिरली.

"तेवढंच सांगते. पुढे विचारलं की रडते."

"पोरं काय, काहीही बोलतात," चंदूने निकाल दिला आणि वडा पुन्हा उचलला.

"चला सगळे," काळुराम म्हणाला. "एसटी सुटेल."

उद्यानात धोंडिबाशेठ परीटघडीचे कपडे घालून फाटकातच उभे होते. "तपास कसला करायचा? धाकूनेच कोंडली पोर. त्याचा कबूलजबाब झाल्यातच जमा आहे."

"झाल्यातच जमा म्हणजे, झाला नाही," काळुराम म्हणाला आणि थेट पिंजऱ्याकडे निघाला.

पिंजऱ्याच्या दाराचा खालचा कोपरा चौकटीपासून सुटला होता. काळुरामने बुटाने दाबला तर मांजर सहज जाईल एवढी फट पडली. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. उद्यानभर पाचोळा पडला होता. पिंजऱ्यापासून मगरीच्या तळ्यापर्यंतची वाट मात्र झाडून, वर पाणी शिंपडून ठेवली होती. तळ्याभोवतीची जाळी गंजून तांबडी झाली होती. खाली एका जागी तेवढी नवी तार चकाकत होती.

"किती स्वच्छता ठेवतात बघ," चंदू कौतुकाने म्हणाला.

"एकाच वाटेची?" काळुराम म्हणाला.

धाकू सशांच्या खुराड्याशी बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. त्याने मान वर केली आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारला, "पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. पिंजऱ्याची कुलपं कुणाकडे असतात?"

धाकूने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि खिशातलं कुलूप दाखवलं.

"मगरीला खायला काय देता?"

"मासली."

"कोण आणतं?"

धाकूने मागोमाग आलेल्या शेठकडे पाहिलं. शेठनी घसा खाकरला. धाकू सशांना पाला घालू लागला.

"चंदू," काळुराम हळूच म्हणाला, "मुंब्र्याच्या खाडीवर जा. इथे मासळी घालणारी कोळीण कोण ते विचार आणि तिला घेऊन ये. धाकूला आज पोलिसांत देणार आहेत, एवढं सांगितलंस तरी पुरे."

चंदू परतला तेव्हा त्याच्यासोबत जनी नावाची एक धिप्पाड कोळीण होती, आणि ती त्याच्या पुढे चालत होती. सगुणा आंब्याखाली मालूला घेऊन बसली होती. काळुरामने सगळ्यांना पिंजऱ्यापाशी बोलावलं.

"सगुणाताई, मूल कोंडायला वरची कडी पुरते. खालची दोरी मालूच्याही हाताला लागली असती. मग ती कशाला? हा सुटलेला कोपरा आवळायला. म्हणजे बांधणाऱ्याला मालू बाहेर येण्यापेक्षा, जमिनीवरून सरपटणारं काहीतरी आत घुसण्याची भीती होती."

सगुणाने मालूला घट्ट धरलं.

"मालूने ते पाहिलं. तीन वर्षांच्या पोरीने मगर चालताना कधी बघितली असणार? तिला ते लाकूडच वाटलं. तळ्याची जाळी फाटली होती. काल संध्याकाळी शेठनी नवी तार लावली आणि मगरीच्या पोटाने वाटेवर उठलेला ओरखडा झाडून टाकला. पाचोळा एकाच वाटेवरचा काढला, तिथेच चुकले."

"मग मालूला आत ठेवलं कुणी? धाकूनेच ना?"

"धाकूजवळ कुलूप होतं, त्याने कोंडलं असतं तर वरच्या कडीला कुलूप लागलं असतं. कडी आणि दोरीवर भागवलं ते कुलूप नसलेल्या माणसाने. आणि मालूच्या बुटांना मासळीचा वास होता, माणसांना नाही आला तरी मांजरींना आला. मासळी घेऊन इथे येतं कोण?"

सगळ्यांच्या नजरा जनीकडे वळल्या. तिने पदराने तोंड पुसलं.

"मगर लय जवल आलेली, बाय. पोरीला उचलली, आत ढकलली. मासलीच्या पाटीची दोरी सोडून खाली बांधली. पाटी मगरीपुढं वतली आनि धाकूला हाका मारीत पलाले. मंग दोघांनी बांबूनं मगरीला तल्यात घातली. तवर तू पोरीला पोटाशी धरलेलीस."

"मग काल बोलला का नाहीत? मी यांना मारलं, शिव्या दिल्या..."

"शेठनं मला मागल्या दारानं घालवली. म्हनला, बाईची समजूत घालतो मी. धाकूला पोलिसांत देनार हे आज कललं, तशी आले."

"आणि तुम्ही?" काळुरामने धाकूला विचारलं.

"शेठनी तवाच डोलं वटारलं. मंग बोलले, उद्यान बंद पडंल, जनावरं उपाशी मरतील. दोन दिवसांत सोडवून आनतो." धाकू जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, पोर वाचली ना, मग दोन दिवस काय."

धोंडिबाशेठ फाटकाकडे सरकू लागले होते. चंदू त्यांच्या वाटेत उभा राहिला. वडे खाऊन सुटलेल्या त्याच्या देहाचा असा उपयोग पहिल्यांदाच होत होता.

मालू आईच्या हातातून सुटली. कुणी काही न सांगता ती जनीपाशी गेली आणि तिचा पदर धरून उभी राहिली.

सगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने जनीला मिठी मारली. मग ती धाकूसमोर आली. काल ज्या हाताने मारलं होतं तो हात तिने त्याच्या हातावर ठेवला. "दादा, माझं चुकलं. माझी पोर तुमच्या दोघांमुळे घरी आली. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

धाकूने नुसती मान हलवली.

"मग तक्रार रद्द ना, ताई?" धोंडिबाशेठनी हसून विचारलं.

सगुणाने डोळे पुसले.

"का म्हणून? तक्रार मी देणारच," ती म्हणाली. "फक्त आता नाव तुमचं असेल. आणि साक्षीला हे दोघं माझ्यासोबत येतील, माझ्या घरची माणसं म्हणून."