वर राहिलेला गठ्ठा

खुंटीवरची किल्ली वाजली. भिंतीला एकदा टेकली, पुन्हा एकदा टेकली आणि गप्प झाली.

दुपारचे अडीच वाजले होते. माझी लेक मुंगी नुकतीच झोपली होती, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. ते हळूच सोडवून मी स्वयंपाकघरात येऊन बसले होते. दिवसातला एवढा पाऊण तास काय तो माझा. खिडकी बंद होती, पंखाही बंद. ट्रॅक्टरची ती किल्ली मी सकाळीच काम संपवून अडकवली होती. तिचा पत्र्याचा बिल्ला अजून हलत होता.

मी उठून काचेतून शेडकडे पाहिलं. ट्रॅक्टरचे हात जमिनीपासून वीतभर वर होते.

आमच्याकडे गवताचे गोल गठ्ठे असतात. एकेक चारशे किलोचा, माणसाने उचलायची गोष्टच नाही. ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी हात बसवलेले आहेत. हातांच्या टोकाला आडवी पट्टी, पट्टीला दोन लांब सुळे. सुळे गठ्ठ्यात खुपसायचे, लिव्हर ओढायची, की ऑइलच्या दाबाने हात गठ्ठा घेऊन वर जातात. इंजिन बंद असेल तर जात नाहीत. खाली मात्र येतात, कारण सील जुनी झाली की ऑइल झिरपतं आणि वर ठेवलेला हात सकाळपर्यंत चार बोटं उतरतो. हायड्रॉलिक खचतं, चढत नाही. हे मला बाबांनी शिकवलं होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं, स्वतः खाली उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरू नकोस सूनबाई, यापेक्षा माझा मुलगा जास्त हट्टी आहे. त्याला वळवतेस, तर हाही वळेल." त्यांचा नियम एकच. सुळे जमिनीला टेकल्याशिवाय उतरायचं नाही. "वर राहिलेलं ओझं कुणीतरी धरलेलं असतं," ते म्हणायचे. "इंजिन बंद केलंस, तू उतरलीस, मग धरणारं कोण?"

दीड वर्षापूर्वी मी तो नियम मोडला.

मुंगीला दाढा येत होत्या. कित्येक रात्री आम्ही दोघी जाग्या होतो. त्या दुपारी मी गठ्ठा दुसऱ्या थरावर चढवत होते, हात डोक्यापेक्षा उंच, आणि घरातून तिचं रडणं आलं. इंजिन बंद करून मी तशीच धावले. तिची बाहुली पलंगाखाली गेली होती. एवढंच. बाहुली काढून दिली, तिला कुशीत घेतलं, थोपटता थोपटता माझीच पाठ टेकली. बाहेर काहीतरी जोरात आदळल्याचं मी झोपेत ऐकलं. दार आपटलं असेल असं वाटलं आणि मी कूस बदलली.

बाबा लोंबणारी सुतळी आवरायला गठ्ठ्याखाली गेले होते. जुना पाइप फुटला. नवरा परत आला तेव्हा ते अर्धे गठ्ठ्याखाली होते आणि शुद्धीत होते. मला हाक मारली होती का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

दवाखान्यात नवऱ्याने विचारलं, "हात वर ठेवून उतरलं कोण?"

"मीच असेन रे," बाबा म्हणाले. त्यांची नजर सलाइनच्या बाटलीवर होती. "सकाळी मीच होतो ना ट्रॅक्टरवर. आता आठवत नाही बघ."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुंगीने पाणी मागितलं. तिला पाणी पाजून होईपर्यंत विषय संपला होता.

तो तिथे संपला, तसा कायमचाच संपला. आज सांगू, उद्या सांगू करत मी महिने काढले. बाबांचं डाव्या खुब्याचं हाड नीट जुळलं नाही, ते उजव्या पायावर भार टाकून चालू लागले. नवऱ्याने त्यांच्या खिशातून किल्ली काढून स्वयंपाकघरातल्या खुंटीला लावली. "बाबा, आता तुम्ही चालवायचं नाही." त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस.

घरात एक म्हणच पडली. कुणी दिवा चालू ठेवला, दूध उतू घालवलं, की नवरा म्हणायचा, "केलास का बाबांचा गठ्ठा?" फोनवर नणंदही म्हणायची. बाबा हसायचे. मीही हसायचे. पण बाबांचा स्वतःवरचा भरवसा गेला तो गेलाच. गॅसचं बटण तीन तीनदा बघून यायचे. "सूनबाई, कडी लावली ना गं मी?" लावलेली असायची. नेहमीच लावलेली असायची.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, मला काही सांगायचंय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "राहू दे," म्हणाले. "धरलंय मी."

बाबा गेले त्याला त्या दुपारी, किल्ली वाजली तेव्हा, दोन महिने झाले होते.

मी बाहेर जाऊन लिव्हर ढकलली. हात सुस्कारा टाकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता किल्ली वाजली आणि हात गुडघ्याएवढे वर होते. मी शेडच्या खांबावर खडूने रेघ मारली. डोळ्यांवर विश्वास नसला की मोजमाप घ्यावं, हेही बाबांचंच. पुढच्या दिवसांत रेघा चढत गेल्या. मांडी, कंबर, छाती. फिटरला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, इंजिन बंद असताना वर? खाली म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, हो, खालीच. आणि फोन ठेवला.

आडव्या पट्टीच्या खाली भुशाचा जाड थर असतो. त्यात दोन खळगे पडले होते, पावलाएवढे. मी ते झाडूने सारखे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. उजवा जास्त खोल.

नवऱ्याला काही बोलले नाही. बोलायचं तर सुरुवातीपासून बोलावं लागलं असतं.

शुक्रवारी त्याला सुट्टी होती. सकाळी मी एक गठ्ठा सुळ्यांवर घेतला, हात पार टेकवले, उतरून पुन्हा बघितलं, मग किल्ली अडकवली. अडीच वाजता ती वाजली. मी खिडकीशी जायच्या आत अंगणातून त्याचा आवाज आला.

"अगं, हा गठ्ठा वर ठेवून आलीस?"

मी दारात गेले. हात डोक्यापेक्षा उंच होते. चारशे किलोचा गठ्ठा स्थिर, एक काडी हलत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. खरं तेच म्हटलं.

"मग काय आपोआप चढला?" तो हसला. "बाबांचा गठ्ठा केलास. सांग की सरळ, मी काय ओरडणार आहे?"

याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. "मुंगी उठेल, हळू बोल," एवढंच मी म्हटलं.

त्याने लिव्हर ढकलली. हात उतरले नाहीत. पुन्हा ढकलली. मग पाइप सोडवला. काळं ऑइल भळभळ बादलीत पडलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत. हात तिथेच. त्याने सुळ्याला लोंबकळूनही पाहिलं.

"पिस्टन जाम झालाय," तो म्हणाला. "हलत नाही म्हणजे आता पडतही नाही. बॅटरी दे जरा, खालून बघतो."

"नको जाऊस. फिटरला बोलाव."

"तू ना, बाबांपेक्षा जास्त." तो स्वतःच आत येऊन बॅटरी घेऊन गेला.

मी त्याच्यामागे निघाले होते, पण आतून मुंगीची हाक आली. आणि मी वळले. पुन्हा वळले.

ती पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरात स्टुलावर चढून खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. मी तिला मागून धरलं. तिचं अंग झोपेने उबदार होतं.

बाहेर नवरा पट्टीखाली वाकला होता. बॅटरीचा उजेड भुशावर फिरत होता.

"आजोबा दमले," मुंगी म्हणाली.

मी काच ठोठावली. त्याने मान वर न करता हात हलवला, थांब, म्हणून.

भुशात त्याच्या चपलांशेजारी दोन खळगे होते. मी बघत असताना उजवा आणखी थोडा खचला.

"त्यांचे हात बघ कसे थरथरतायत."

गठ्ठ्यातून एक काडी सुटली. गिरक्या घेत नवऱ्याच्या पाठीवर पडली.

खिडकीच्या कडीवर माझी बोटं होती. ती उघडून हाक मारायची, म्हणजे काय ओरडायचं, हे मला माहीत होतं. दीड वर्ष माहीत होतं.

मुंगीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आई, ते तुलाच विचारतायत. आता सोडू का?"