माइकच्या खोलीतला पंखा

"साहेब, माझा आवाज चोरीला गेलाय."

फोनवरची बाई थट्टा करतेय, असंच इन्स्पेक्टरांना आधी वाटलं. स्टुडिओत पोचेपर्यंत हसू मावळलं होतं.

फोन करणारी दोघी बहिणींतली धाकटी, पंजाबी सिनेमाची लाडकी नटी. हिंदीतही तिची चलती होती, पण तिथे पडद्यावर चेहरा तिचा आणि बोलणं थोरल्या बहिणीचं. हिचं पंजाबी वळणाचं हिंदी कोण ऐकणार, असं निर्माते शेठ पहिल्याच सिनेमात ठरवून मोकळे झाले होते. या खेपेला धाकटी हट्टाला पेटली आणि सगळा सिनेमा स्वतः बोलली. त्या ध्वनिमुद्रणाची डिस्क आवाज भरायच्या, माइकच्या खोलीतल्या कपाटातून रातोरात गेली होती. नक्कल अजून व्हायची होती. संध्याकाळपर्यंत ती मिळाली नाही, तर शेठनी हाताशी ठेवलेलं थोरलीच्या आवाजातलं मुद्रण जोडून सिनेमा रवाना होणार होता.

धाकटी सकाळीच परगावच्या शूटिंगवरून परतली होती. कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, हे मागे राहिलेल्या तिघांनाच ठाऊक होतं: शेठ, रेकॉर्डिस्ट आणि थोरली.

इन्स्पेक्टर आत शिरले. पायाखाली गालिचा पचपचला.

"हे पाणी कसलं?"

"काल माझ्या हातून जग सांडला," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सुकावा म्हणून पंखा लावून गेलो होतो."

"आणि सकाळी?"

"बटण बंद. मी तर हात लावला नाही."

शेठ उखडले. चोरी करायला आपल्याला काय धाड भरलीय, सिनेमा पडला तर बुडणार आपणच, असं बरंच ऐकवलं. थोरली खालमानेनं एवढंच म्हणाली, की माझं काम संपल्यापासून मी इकडे फिरकलेले नाही.

इन्स्पेक्टरांनी पंखा पुन्हा लावायला सांगितला. मग एकेकाला आत जाऊन कपाट उघडून दाखवायला लावलं. स्वतः काचेपलीकडे उभे राहिले.

शेठ नाक मुरडत जाऊन आले. रेकॉर्डिस्ट जाऊन आला. पंखा करकरतच होता.

थोरली आत गेली आणि टाळ एकदम थांबावेत तशी शांतता झाली. तिचा हात अजून बटणावरच होता.

"करकर मुद्रणात येऊ नये म्हणून माइकसमोर बोलणारा माणूस आत शिरला की आधी पंखा बंद करतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "शेठना ती सवय नाही. रेकॉर्डिस्ट स्वतःच मुद्दाम लावलेला पंखा कशाला बंद करील? धाकट्या बाई गावात नव्हत्या. उरलात तुम्ही. चोरी करायला आलात, पण हात कामाला आल्यासारखा चालला."

थोरलीनं पर्स उघडून डिस्क काढली.

"ही बोबडी होती तेव्हा हिचं म्हणणं आईला मी सांगायचे. आता मी गप्प बसायचं, हे सोसलं नाही. पुसून टाकणार होते. आधी ऐकली, मग पुसवेना."

धाकटीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "कसं बोललेय, ताई?"

"चांगलं." थोरलीनं डिस्क तिच्या हातात ठेवली. "रडतेस त्या जागी श्वास चुकलाय."

इन्स्पेक्टरांनी तक्रारीचं विचारलं.

"नको, साहेब. आवाज सापडला." धाकटीनं डिस्क रेकॉर्डिस्टच्या हातात दिली आणि बहिणीकडे न बघताच म्हणाली, "माफ केलंय असं समजू नकोस. संध्याकाळ व्हायचीय अजून, ती जागा पुन्हा बोलते. तिथेच उभी राहा आणि श्वास कुठे घेऊ ते सांग."

पंखा बंदच राहिला. गालिचा ओलाच होता.