पडद्यावर राहिलेल्या सावल्या

सावलीवाचन सुरू झाल्यापासून जुन्या चित्रपटांतल्या वस्तूंना कमालीचं महत्त्व आलं होतं. कापून टाकलेली, जळून गेलेली दृश्यं त्या वस्तूंमधूनच पुन्हा बाहेर येत होती. अशा वस्तू जमवणाऱ्या कोल्हापूरच्या दिगंबर पोतनीसांकडे अशाच एका विसरल्या गेलेल्या चित्रपटातला, राजदरबार रंगवलेला पडदा होता. तीस वर्षं तो त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर होता. त्या चित्रपटाचा शेवट प्रदर्शनाआधीच कापला गेला होता. का, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. पोतनीसांनी उमेदीची वर्षं त्या शेवटापायी घालवली होती.

आज पडदा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ताणून बसवला होता. सोबत त्यांची मुलगी ऋजुता आली होती.

“उजेड पडला की रंगाचे काही कण मरतात,” डॉ. रेहाना मुजावर तिला समजावत होत्या. “जिथे माणसाची सावली पडते, तिथले वाचतात. कुठला कण कधी मेला हे यंत्र ओळखतं आणि त्यावरून सावल्या पुन्हा हलत्या करतं. मात्र वाचलेला थर कायमचा पुसला जातो. आणि वरचा थर आधी वाचावा लागतो.”

“वरचा म्हणजे?”

“अलीकडचा. आधी तुमचं घर, मग स्टुडिओ.”

पोतनीस चपापले. “घराचा भाग वगळता नाही का येणार?”

“भरभर पुढे नेता येईल. पण सावली फार वेळ एका जागी राहिली असेल, तर यंत्र तिथे थबकतं.”

वर्षं मागे पळू लागली. सात वर्षांपूर्वीच्या एका दुपारवर यंत्र थबकलं. कोपऱ्यातली तारीख-वेळ वाचून ऋजुता पुढे सरकली. कुमुदताई, तिची आई, त्या दिवशी गेली होती.

पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हानं सगळं स्वच्छ टिपलं होतं. दिवाणावर आडवी झालेली बाईची सावली. तिचा वर आलेला हात. मग दारातून आत आलेला पुरुष. तो क्षणभर थांबला, खिडकीशी गेला आणि हातातला मुकुट उजेडात फिरवून फिरवून पाहू लागला. मागे तो हात तसाच वर होता. मग हात खाली आला.

“सव्वाचार,” ऋजुता म्हणाली. “बाबा, तुम्ही साडेपाचला आलात ना? आल्यावर सगळं संपलेलं होतं ना?”

पोतनीसांनी नजर जमिनीकडे वळवली. “ती नेहमीच हाक मारायची गं. मी म्हटलं, थांब जरा. नवीन मुकुट होता...”

“थांबवू का?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“नको,” ऋजुता म्हणाली. “एवढा भाग मला जपून ठेवून द्या.”

यंत्र पुढे सरकलं. तासाभरानं स्टुडिओतले प्रखर दिवे पेटले आणि दरबारात एका स्त्रीची सावली आली. साठ वर्षांत कुणी न पाहिलेला शेवट सुरू झाला. डॉक्टर श्वास रोखून पाहत होत्या. पोतनीसांनी मान वर केली नाही. मघापासून ते जमिनीकडेच पाहत होते.

ऋजुताही पडद्याकडे पाहत नव्हती. ती वडिलांकडे पाहत होती, अनोळखी माणसाकडे पाहावं तशी.

“बाबा,” तिनं शांतपणे विचारलं, “आजी गेली त्या खोलीतला गालिचा किती जुना आहे?”