आठवी गिनी

नाण्यांचा नाद लागलेला माणूस बायकोच्या लेखी निम्मा वाया गेलेला असतो. आमची नलिनी मला पूर्ण वाया गेलेला समजते. तरी मासळीबाजारात माझी तारीफ तीच करत असणार. नाहीतर शहाऐंशीच्या मे महिन्यात कृष्णाबाई मुलुंडच्या आमच्या घरी आली नसती.

कृष्णाबाई वेसाव्याची कोळीण. तिकडून मासळी आणून इथल्या बाजारात बसायची. नलिनीचं तिच्याशी रोज भांडण आणि तिच्याकडूनच रोज खरेदी. त्या दुपारी पाटी रिकामी करून ती आली, खुर्ची नको म्हणाली, फरशीवर बसली आणि कमरेची पिशवी सोडली.

"भाऊ, सासूच्या गिन्या हायेत. सोनार वितळवायचा भाव सांगतो, वर घट धरतो. तुमी खरा भाव सांगा."

"विकायच्या कशाला?"

"लहूचे होडीला नवा इंजिन घ्यायचाय. बापाचा इंजिन दर्यात बंद पडला, तसा याचा नको."

तिचा नवरा धोंडू तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो परतलाच नव्हता, हे मला नलिनीकडून ठाऊक होतं. लहू तिचा एकुलता एक.

मी टेबलावर निळं मखमल अंथरलं आणि गिन्या त्यावर ओतल्या. व्हिक्टोरिया राणीच्या, एकीलाही कडी लावलेली नाही. पण झगझगीत!

"हे काय केलंत?"

"काल चिंच लावून घासल्या. मळकं सोनं कोन घेल?"

मी कपाळाला हात लावला. जुन्या नाण्यावरचा तो मळकट रंग हीच त्याची अब्रू. हौशी लोक त्याचेच पैसे मोजतात. मी रागावलो, तशी ती ओशाळली, आणि मग मलाच वाईट वाटलं. तिनं आपलं पाहुण्यांपुढे पोरीला नटवावं तसं केलं होतं. तरी दोन गिन्यांची सालं दुर्मीळ होती. सोनाराच्या दीडपट मिळतील, असं मी सांगितलं. एकीवर राणीच्या गालाला चरा होता.

"ही ठेवा. हिला वेगळा भाव येणार नाही."

"ठेवते. लहूची बायको येईल तिचे गळ्यात घालीन."

ती तिनं पदराच्या गाठीला बांधली. मी उरलेल्या ओळीनं मांडल्या. सात होत्या.

"म्हणजे एकूण आठ. त्यातली ही एक घासायची राहिली वाटतं," मी म्हणालो.

"सातच होत्या. सहा उरल्या."

सातवी मंद पिवळी होती आणि अक्षरांच्या खाचांत काळं काहीतरी बसलेलं होतं. मी ती उचलली. ओली होती. रुमालानं पुसून तराजूत घातली, वजन बरोबर. काढताना पुन्हा ओली. मे महिन्याच्या दुपारी, डोंगराच्या पायथ्याशी, बंद खोलीत. बोट जिभेला लावलं तर खारट.

कृष्णाबाई हात मागे घेऊन बसली होती.

"पयल्या आठच होत्या," ती हळू म्हणाली. "त्याचा मुडदा गावला नाय. मंग दर्भाचा पुतळा केला. भटजी बोलला, तोंडात सोनं ठेवा. म्या गिनी ठेवली. पुतळा जाळला नि राखेसंगट गिनी दर्यात सोडली. म्या सोता."

पंखा फिरत होता. मी गिनी पुन्हा मखमलावर ठेवली.

"हिचे पण पैसे तुमचेच," मी म्हणालो.

"ती माझी नाय. दिलेला मी परत घेत नाय."

फोर्टातल्या एका जाणकार गिऱ्हाइकानं सहा गिन्या मी सांगितलेल्या भावानं घेतल्या. पैसे मोजून घेताना कृष्णाबाई रडली. मलाही भरून आलं. माझ्या वाया गेलेल्या नादाचं चीज झालं, असं वाटलं. आठवी गिनी मी पाकिटात घातली, वर तिचं नाव लिहिलं आणि कपाटाच्या खणात ठेवली. परक्याचं सोनं, कधीतरी तिचं मन बदलेल.

नारळी पौर्णिमेनंतर लहू नव्या इंजिनावर गेला. कृष्णाबाईनं नलिनीला पापलेटं फुकट दिली, हे त्या बाजारात आक्रीतच.

दिवाळीनंतर तिची जागा रिकामी दिसू लागली. एक आठवडा, मग तीन. शेजारच्या कोळणीला नलिनीनं विचारलं.

"ती नाय येयाची आता. किनारा सोडीत नाय," एवढंच म्हणून ती बाई मासे कापत राहिली.

नलिनी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा मी कपाटापुढेच उभा होतो. खणातल्या माझ्या वह्यांना खालून ओल आली होती. पाकीट भिजून मऊ झालं होतं. शाई पसरली होती, तरी नाव वाचता येत होतं.

भाव मी रास्त मिळवून दिला होता. इंजिनही चांगलंच आलं असणार.

पाकीट उचललं. जड लागलं.

मखमलावर उपडं केलं.

दोन गिन्या पडल्या.

दुसरीवर राणीच्या गालाला चरा होता. चिंचेची लकाकी अजून गेली नव्हती. फक्त अक्षरांच्या खाचांत ताजी राख होती.