पंचफुलाचा कान

जवळ या गा, कंदील राहू द्या तिथंच. गोष्ट पंचाहत्तर सालची, मारबतीच्या रात्रीची. माझा साडू बळीराम तेव्हा रामटेककडे धानाची शेती करे. बायको वारली होती. घरी तो अन् त्याची सहा वर्षांची पोरगी, पंचफुला. पोरीचा कान सारखा वाहत राहायचा. कोणी म्हणे गरम तेल टाक, कोणी म्हणे लसूण. तसंच चाललं. त्या दिवशी कानामागं लिंबाएवढी सूज आली, अंगात ताप. कान दाखवून आणतो म्हणून बळीराम दुपारच्या एसटीनं नागपुरात उतरला. पोरगी खांद्यावर, अन् रस्त्यावर लोक मारबतीच्या पुतळ्याले ओरडून राहिले होते, रोगराई घेऊन जा म्हणून.

दवाखान्यात कानाचा डॉक्टर एकच. दिवसभर ऑपरेशनं करून तो घरी गेलेला. खाट रिकामी नव्हती. सकाळी दाखवा, म्हणाले. बळीरामनं व्हरांड्यात चादर टाकली. डोकं दुखते म्हणून पोरगी रडत होती. अंधार पडला तसं तिचं रडणं थांबलं. त्याले बरं वाटलं. पोरीले झोप लागली, असं समजला.

बाजूले एक बाई बसली होती. मांडीवर लेकरू, पदरानं झाकलेलं.

"उठव तिले, भाऊ."

"काहून, बाई? आताच तर झोपली."

"माझं बी असंच चूप झालं होतं..."

बळीरामनं पोरीकडं पाहिलं.

"मले बी वाटलं, आराम पडला."

त्यानं पंचफुलाले हलवलं. नाही उठली. मान ताठ. डोळे अर्धे उघडे... पाहत नव्हते.

तो ओरडत आत धावला. नर्सनं डॉक्टरले घरून बोलावलं. पू मेंदूकडं सरकला होता. रात्रीच कानामागचं हाड कोरलं.

बळीराम बाहेर आला. बाई नव्हती. नर्स म्हणे, तुमच्याशिवाय व्हरांड्यात कोणीच नव्हतं. मग तिनंच हळू विचारलं.

"लेकरू... झाकलेलं होतं का?"

त्यानं हो म्हणून मान हलवली. ती तशीच आत निघून गेली.

पोरगी वाचली. कान मात्र गेला.

पट्टी बदलायच्या दिवशी डॉक्टरनं स्वतः बांधलेली पट्टी स्वतःच सोडली. मधी कोणी हात लावला नव्हता. बळीराम बाजूलेच उभा होता.

टाक्यांच्या वर काजळाचं बोट लावलेलं. नजर लागू नये म्हणून माय लावते, तसं.

डॉक्टरनं कापसानं पुसलं.

काजळ ओलं होतं.