आल्टनचं धुरांडं

घर घेणाऱ्यांनी एकच अट घातली होती. भिंतीत बसवलेली ती भुशाच्या गोळ्यांची लोखंडी शेगडी काढा आणि मूळची उघडी शेकोटी आम्हाला परत करून द्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काय खोटं नाही. व्हर्नापुढे दुसरा इलाजही नव्हता. गुडघे गेलेले, नवरा आल्टन गेलेला, आणि अमेरिकेतल्या मेन राज्यातला हिवाळा एकटीनं काढायचा म्हणजे जिवाशी खेळ. बँगोर शहरात मुलीनं तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती.

निघायच्या दिवशी सकाळी तिचा दीर रॉइस हत्यारं घेऊन आला.

"आल्टननं ही बसवलीय की पुरलीय?" शेगडी ओढता ओढता तो कुरकुरला.

"तुझ्यासारखं अर्धवट काम नसायचं त्याचं," व्हर्ना म्हणाली.

कागदाच्या गिरणीनं आल्टनची फुप्फुसं खाल्ली होती. लाकडाच्या धुराचा नुसता वास आला, तरी तो खोकून खोकून निळा पडायचा. म्हणून तर ही शेगडी. तिचा धूर पाइपातून थेट बाहेर जायचा. "मी या घरात आहे तोवर इथं लाकूड जळायचं नाही," असं त्यानं बजावलं होतं आणि व्हर्नानं शब्द दिला होता. मागच्या वसंतात तो शेगडीसमोरच्या खुर्चीतच गेला.

रॉइसनं शेगडी ट्रकवर चढवली, पाइप उपसून काढला, धुरांड्याची गंजलेली झडप ठोकून मोकळी केली. थंड धुरांडं आधी तापवावं लागतं, नाहीतर सगळा धूर खोलीत येतो. त्यानं वर्तमानपत्राची सुरळी पेटवून आत वर धरली. ज्योत वर ओढली गेली. थांबली. मग सावकाश खोलीकडे वाकली. परत वर ओढली गेली.

"वारा असेल," रॉइस म्हणाला.

व्हर्नानं ती लय ओळखली. लांब ओढलेला, मधेच अडकलेला, तोकडा सुटणारा... तो श्वास उशाशी घेऊन ती किती वर्षं झोपली होती. कधीकधी तो थांबूनच जायचा. मग ती आल्टनच्या पाठीवर थाप मारायची, तेव्हा कुठं पुढचा श्वास यायचा.

कागद जळून गेला. वर अंधारात कुणीतरी कोरडं खोकलं.

"रॉइस... परत बसव ती शेगडी."

"सह्या झाल्यात, व्हर्ना." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पाखरू असेल एखादं."

"पाखरू खोकतं?"

त्यानं हत्यारं गोळा करायला घेतली.

तेवढ्यात नवे मालक आलेच. तरुण जोडपं, गाडीभर बर्चची लाकडं घेऊन. नवरा कौतुकानं शेकोटीत ओंडके रचायला बसला. व्हर्नानं बायकोला बाजूला घेतलं.

"रोज नका हं पेटवू."

"अहो, रोज पेटवणार. त्यासाठीच तर घेतलं हे घर," ती पोरगी हसत म्हणाली.

आता काय सांगायचं? माझा मेलेला नवरा वर बसलाय, त्याला धूर सोसत नाही? वेडी म्हातारी म्हणाले असते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. व्हर्नानं किल्ल्या दिल्या आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

वळणावर तिनं मागे पाहिलं. धूर निघाला होता. सरळ वर चढला. अंगणातला झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, पानसुद्धा हलत नव्हतं. आणि तो चढलेला धूर उलटा फिरला, सगळाच्या सगळा धुरांड्यात ओढला गेला.

"रॉइस... गाडी थांबव."

रॉइसनंही आरशात पाहिलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण गाडी काही थांबली नाही.

व्हर्नाचा हात आपोआप उचलला गेला. पण थाप मारायला पाठ कुठं होती? घर दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. धूर परत बाहेर आला नाही.